खेळातील उन्हाळा आणि वाशीमचा उन्हाळा

सुटीत आमचे पुष्कळ विद्यार्थी पडद्यावरील ज्या खेळांत रमतात, त्यांत एक प्रकार निराळा आहे. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही, कोणास हरवावयाचेही नाही. एक मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यात राहावयास जातो, एवढेच त्याचे कथानक.

या प्रकारचा एक नामांकित खेळ जपानात इ. स. २००० मध्ये निघाला. 'बोकु नो नात्सुयासुमी', म्हणजे 'माझी उन्हाळी सुटी', हे त्याचे नाव. नऊ वर्षांचा मुलगा १९७५ सालचा ऑगस्ट महिना खेड्यातील नातलगांकडे घालवितो. मासे धरतो, भुंगेऱ्यांच्या झुंजी लावतो आणि रात्री चित्रांची रोजनिशी लिहितो. एकतीस दिवस संपले की खेळ संपला.

असा खेळ लोकप्रिय झाला म्हणजे निर्माते कधीकधी त्यास पुरवणी जोडतात: नवे बेट, नवी टेकडी, नवे कीटक. तिचे मोल निराळे द्यावे लागते. पालकांस हा खर्च व्यर्थ वाटतो, आणि तो तसा आहेही. परंतु 'टेकडीपलीकडे काय असेल?' ही जी इच्छा मुलाकडून तो करविते, ती मात्र व्यर्थ नव्हे.

आता या खेळातील एक युक्ती पाहा. मुलगा एका दृश्यातून दुसऱ्यात गेला तरच घड्याळ पुढे सरकते. एका जागी उभा राहिला तर सूर्यही थांबतो. आमच्या वैशाखात असे सुख नाही. मुंग्यांची रांग पाहत अर्धा तास बसावे, तो ऊन डोक्यावर येते. म्हणून आमच्याकडील भटकंती उजाडताच निघावी व नऊच्या आत घरी परतावी. संगे पाणी असावे व कोणी वडील माणूस असावे. नदीच्या डोहात वा विहिरीत उतरणे तर सर्वथा वर्ज्य. खेळात बुडालेला मुलगा दुसऱ्या सकाळी जागा होतो.

मग वाशीमची पुरवणी कोणती? कारंजा-सोहोळच्या माळावरील काळवीट पाहावे, फुललेला बहावा पाहावा, पावशाची हाक ऐकावी, हे तर आहेच. परंतु आम्हांस सर्वांत नवल वाटते ते पाणलोटाचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा फाटा आमच्या जिल्ह्यातून जातो. काटा गावाजवळ उगम पावलेली काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळते. पूर्णा तापीस, आणि तापी अरबी समुद्रास. दक्षिणेकडील पाणी मात्र पैनगंगेत जाते. तेथून वर्धा, प्राणहिता व गोदावरी असा प्रवास करीत ते बंगालच्या उपसागरास पोहोचते. म्हणजे एकाच सरीचे दोन थेंब जवळजवळ पडून भरतखंडाच्या दोन किनाऱ्यांस जाऊ शकतात! ही सीमा पुष्कळ ठिकाणी उंच कडा नव्हे, साधा मुरमाड माळ असतो. त्यावरून आपण रोज जातो आणि आपणांस कळतही नाही.

विद्यार्थ्यांनी एक वही करावी. आपल्या गावच्या ओढ्याचे नाव, त्याच्या उताराची दिशा आणि तो कोणत्या नदीस मिळतो, हे चित्रासह लिहावे. मे महिन्यात ओढे कोरडे असतात, त्यामुळे तळातील वाळू व गोटे नीट पाहता येतात. उतार कळला नाही तर म्हाताऱ्या गुराख्यास विचारावे. नकाशापेक्षा तो अधिक सांगेल. शंका उरलीच, तर मृगाच्या पहिल्या सरीनंतर ओहोळात कडुनिंबाचे पान सोडून पाहावे.