गावातील लोहारशाळा कशी टिकेल?

कारखान्यातील तयार अवजारे बाजारात आल्यापासून गावच्या लोहाराचे काम घटले आहे. परंतु विकत घेतलेला विळाही पुन्हा पुन्हा पाजवून घ्यावाच लागतो. म्हणून ज्याने लावलेली धार टिकते, त्याच्याकडे गिऱ्हाईक टिकते.

लोखंडाची निवड : साध्या मऊ लोखंडात कार्बन ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी असतो. त्यास पाणी दिले तरी ते फारसे कडक होत नाही. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यात तो सुमारे ०.५ ते ०.६ टक्के असतो. विळे, खुरपी, कोयते यांसाठी पाटाच वापरावा.

पाणी देणे : पाते लाल तापवून लोहचुंबक टेकवावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला ते चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवून पाते तेलात बुडवावे. पाण्यात बुडविल्यास तडा जाण्याचा संभव असतो. असे पाते कडक पण ठिसूळ असते. म्हणून ते घासून चकचकीत करावे व मंद आचेवर पुन्हा तापवावे. गवती पिवळा रंग (सुमारे २३० अंश) विळ्यास, तर जांभळा (सुमारे २८० अंश) घाव सोसणाऱ्या कुऱ्हाडीस योग्य होय.

व्यवसायवाढ : पेरणीपूर्वी फाळ व वखराच्या पासा, सुगीपूर्वी विळे तयार ठेवावेत. कोळसा, लोखंड व उधारी यांची वही ठेवावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहारकामाचा समावेश आहे. तीत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. या रकमेतून प्रथम विजेवरील भाता व ग्राइंडर घेणे हितावह ठरते.