शेतावरील कॅमेरा : मांडणी, बिघाड व साक्ष

अर्धापूरच्या शिवारांत केळी व हळद हीं दोन पिकें मुख्य होत. इसापूर धरणाच्या कालव्याचें पाणी आल्यापासून बागाईत वाढली, आणि बागाईतीबरोबर शेतावर उघड्यावर राहणारा ऐवजही वाढला. विहिरीवरील विद्युतपंप, त्याचा स्टार्टर, तांब्याची केबल, ठिबकच्या नळ्या, सौर पंपाचीं पॅनेलें, आणि माघापासून चैत्रापर्यंत शिजवून वाळत घातलेल्या हळदीचे ढीग, हें सर्व आखाड्यावर एका कुलपाच्या भरंवशावर असतें. पूर्वीं सालगडी कुटुंबासह आखाड्यावर राहत असे. आतां तो मिळणें कठीण, व मिळाला तरी रात्रीं गांवांत परततो. त्याची जागा खांबावरच्या कॅमेऱ्यानें घ्यावी, अशा अपेक्षेनें पुष्कळ बागाईतदारांनीं गेल्या कांहीं वर्षांत कॅमेरे बसविले आहेत. ते बसविण्यांत व पुढें संभाळण्यांत ज्या चुका आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांचा विचार येथें करावयाचा आहे.

एका बागाईतदाराची हकीकत प्रथम सांगतों. त्यांच्या आखाड्यावर चार कॅमेरे होते, चित्रण सांठविणारा रेकॉर्डर होता, घरीं बसून मोबाइलवर सारें शेत दिसे. एके रात्रीं विहिरीवरची केबल कोणीं कापून नेली. सकाळीं रेकॉर्डर उघडला तों चोर दिसले खरे. दोन इसम केबलचें वेटोळें घेऊन बांधावरून चालले होते. परंतु ते खांबापासून पंचवीस-तीस मीटरवर होते, म्हणून चेहऱ्याच्या जागीं नुसता पांढरट ठिपका. आणि चित्राच्या कोपऱ्यांत जी तारीख होती ती कित्येक वर्षांपूर्वींची. रेकॉर्डरच्या पोटांतील लहान बॅटरी केव्हांच संपली होती, व वीज गेली कीं घड्याळ पुन्हां पहिल्या दिवसावर जाई. ज्याच्यावर संशय होता तो म्हणाला, "हें चित्र गेल्या सालचें कशावरून नाहीं?" ह्या प्रश्नास कोणापाशींही उत्तर नव्हतें.

कॅमेरा चोराचा हात धरीत नाहीं. तो घडलें तें लिहून ठेवतो, आणि त्या लिखाणावर खरी वेळ नसेल तर बिनतारखेच्या खताइतकीच त्याची किंमत. ह्या गोष्टीचें महत्त्व किती, हें आपल्या मराठवाड्यांतील एका खटल्यानें साऱ्या देशास दाखविलें आहे. सन २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत जालना मतदारसंघांतून श्री. अर्जुन खोतकर हे श्री. कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षां २९६ मतें अधिक मिळवून निवडून आले. उमेदवारी अर्ज देण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजीं दुपारीं ३ वाजतां संपत होती, व विजयी उमेदवाराचे अर्ज त्या वेळेनंतर दाखल झाले असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या आंत व बाहेर कॅमेरे चालू होते. वाद त्या चित्रणावर येऊन ठेपला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें नोव्हेंबर २०१७ मध्यें ती निवडणूक रद्द ठरविली, आणि १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानें त्यावरील अपील फेटाळलें. त्या निकालांत न्यायालयानें असें ठरविलें कीं, चित्रणाची नक्कल पुराव्यांत द्यावयाची असेल तर तिच्यासोबत कायद्यांत सांगितलेलें प्रमाणपत्र हवेंच. मूळ यंत्रच मालकानें न्यायालयांत हजर करून शाबीत केलें तर मात्र तें लागत नाहीं. अर्जदारानें प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनीं दिलें नव्हतें, म्हणून तेवढ्यापुरती त्यास सवलत मिळाली. आपल्या शेतावरील यंत्राचे धनी आपणच असल्यामुळें अशी सबब आपणांस सांगतां येणार नाहीं.

आतां मांडणीकडे वळूं. खोक्यावर "३० मीटर रात्रदृष्टि" असें छापलेलें असतें, त्याचा अर्थ कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश तेथवर पोंचतो एवढाच. चेहरा ओळखूं येणें निराळें. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यास २.८ मिलिमीटरचें भिंग असेल तर तो आडवा विस्तार पुष्कळ दाखवितो, पण अनोळखी माणसाचा चेहरा तीन-साडेतीन मीटरपलीकडे निश्चित ओळखूं येत नाहीं. ६ मिलिमीटरच्या भिंगानें हेंच अंतर सात-आठ मीटर होतें, मात्र दिसणारी रुंदी निम्म्याहून कमी होते. म्हणून सर्व शेत एकाच कॅमेऱ्यांत बसविण्याचा हव्यास सोडावा. आखाड्यास येण्याची वाट बहुधा एकच असते. तिच्या तोंडाशीं लांब भिंगाचा एक कॅमेरा अडीच-तीन मीटर उंचीवर लावावा, आणि विहीर व हळदीचें खळें यांवर रुंद भिंगाचे दुसरे. फार उंच खांबावरून फक्त टोप्या व पागोटीं दिसतात. तसेंच शेजाऱ्याचें अंगण, पाणवठा, बायकांची धुण्याची जागा ह्यांकडे कॅमेऱ्याचें तोंड असूं नये. गांवांत वैर उत्पन्न करून चोरी थांबत नसते.

सर्वांत अधिक तक्रार ऐकूं येते ती अशी : "दिवसा चित्र उत्तम, रात्र झाली कीं कॅमेरा बंद." पुष्कळजण कॅमेरा बदलतात, दुसराही तसाच वागतो, आणि दोष मालाच्या हलकेपणावर जातो. खरा दोष तारेंत असतो. कॅमेऱ्यास १२ व्होल्ट वीज लागते. दिवसा तो सुमारें ०.२ अँपिअर घेतो. अंधारांत त्याचे अदृश्य प्रकाशाचे दिवे लागले कीं हाच आंकडा ०.५ पर्यंत जातो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या शंभर मीटर तांब्याच्या तारेंत जाण्यायेण्याचा मिळून विरोध सुमारें ७ ओहम भरतो. म्हणजे दिवसा दीड व्होल्टाच्या आंतबाहेर तूट पडते, पण रात्रीं साडेतीन व्होल्ट तारेंतच जिरतात, व कॅमेऱ्याच्या पदरीं साडेआठ उरतात. तेवढ्यावर तो विझतो. विझला कीं ओझें उतरून दाब चढतो, तो पुन्हां सुरू होतो, पुन्हां विझतो. बाजारांत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, तिचा विरोध याहूनही अधिक. उपाय दोन : तार जाड घ्यावी, किंवा वीज कॅमेऱ्याजवळच १२ व्होल्ट करावी. ज्यांचे कॅमेरे इंटरनेटच्या तारेवर चालतात, त्यांस एकाच तारेंतून सुमारें ४८ व्होल्टानें वीज धाडतां येते व ही अडचण बरीचशी टळते; पण त्या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. तिच्यापुढें मध्यें जोडयंत्र ठेवावें लागतें किंवा कांचतंतूची केबल टाकावी लागते.

दोष तारेंत कीं कॅमेऱ्यांत, हें ओळखण्याची सोपी रीत अशी. बंद पडलेला कॅमेरा खांबावरून उतरवावा, रेकॉर्डरपाशीं आणून हातभर तारेनें जोडावा, आणि खोलीं अंधार करून पाहावा. चालला तर तार किंवा तिचा सांधा दोषी. मग चालत असलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचें टोंक त्या छिद्रांत घालावें. तेंही चित्र न आलें तर रेकॉर्डरचें तें छिद्र जळालें असें समजावें. मृगाच्या विजा ह्या अशा लांब तारांवर दाब चढवून रेकॉर्डरचीं छिद्रें जाळतात, म्हणून प्रत्येक लांब तारेच्या मुखाशीं दाबरोधक लावून त्यास चांगलें अर्थिंग द्यावें. चित्रावर आडव्या पट्ट्या वरखालीं सरकूं लागल्या तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्यें फरक आहे, असा अजमास करावा. उंदीर तारा कुरतडतात, ह्यास जाड पाइपाशिवाय उपाय नाहीं.

शेतीच्या फीडरवर वीज दिवसाचे आठ तास मिळते, तीही कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं. तिच्या भरंवशावर कॅमेरा ठेवणें म्हणजे चोरास वेळापत्रक देणें होय. आखाड्यावर सौर पॅनेल लावावें. एक कॅमेरा ५ वॅट घेत असेल तर चोवीस तासांत १२० वॅट-तास लागतात. आमच्या भागांत ६० वॅटच्या पॅनेलापासून उन्हाच्या दिवशीं निदान २४० मिळतात. बॅटरी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची घेतली, व शिशाची असल्यामुळें तिचा अर्धाच भाग वापरला, तरी दोन झांकोळलेले दिवस निभतात. पॅनेल दक्षिणेकडे, सुमारें वीस अंश कलतें असावें. श्रावणांत झडी चार-चार दिवस टिकते हें लक्षांत घेऊन कोणी बॅटरी दुप्पट घेतली तर आम्ही त्यास उधळा म्हणणार नाहीं.

सिमकार्डावर चालणारे कॅमेरे आतां बरेच दिसतात. त्यांत चूक होते ती सतत चित्रण मोबाइलवर ओढण्याची. सेकंदास दोन मेगाबिट म्हटलें तरी दिवसाला २१ गिगाबाइट होतात. नित्याच्या पॅकांत तें बसत नाहीं, आणि दुपारींच डेटा संपून रात्रीं कॅमेरा मुका होतो. चित्रण कॅमेऱ्यांतील मेमरी कार्डावरच ठेवावें व माणूस दिसला तरच सूचना यावी. केवळ "हालचाल" ही अट ठेवली तर केळीचें पान वाऱ्यानें हललें कीं घंटा वाजते, आणि तिसऱ्या दिवशीं मालक घंटाच बंद करून टाकतो. भिंगापुढें आलेलें पान रात्रीं पांढरें झळाळतें व मागचें सारें काळें पडतें. कोळ्याचें जाळेंही तसेंच. जाळें काढण्यास लांब काठीला बांधलेलें मऊ कापड पुरें.

रेकॉर्डरविषयीं पुष्कळांचा असा समज आहे कीं, पडद्यावर चित्र दिसतें त्या अर्थीं तें सांठतही असलें पाहिजे. तसें नाहीं. डिस्क मेली तरी चालू चित्र दिसत राहतें. फार तर यंत्र एकसारखें टीं-टीं करतें, व त्या आवाजास कंटाळून कोणीतरी तो आवाज बंद करून ठेवतो. म्हणून दर पंधरवड्यास, अमावास्येस व पौर्णिमेस म्हणा, आदल्या रात्रींचें चित्रण मागें नेऊन प्रत्यक्ष पाहावें. सेकंदास चार मेगाबिटचा एक कॅमेरा दिवसाला ४३ गिगाबाइट जागा घेतो. चार कॅमेऱ्यांस १७३. म्हणजे एक टेराबाइटची डिस्क सहाव्या दिवशीं भरून जुन्यावर नवें लिहूं लागते. परगांवीं लग्नास आठ दिवस गेलेला मालक परत येईतों चोरीची रात्र पुसली गेलेली असते. नव्या संक्षेप-पद्धतीनें, जिला एच.२६५ म्हणतात, जागा सुमारें निम्मी लागते. तरीही डिस्क दोन टेराबाइटची, आणि रात्रंदिवस लिहिण्यासाठीं बनविलेलीच घ्यावी. रेकॉर्डर पत्र्याखालीं ठेवूं नये. वैशाखांत तेथें डिस्क भाजून निघते, आणि जाणता चोर प्रथम तोच काढून नेतो.

घड्याळासंबंधीं तीन गोष्टी पाहाव्या. आंतली गोल बॅटरी, जिच्यावर सीआर२०३२ असें लिहिलेलें असतें, दोन-तीन वर्षांनीं बदलावी. कालविभाग भारताचा, म्हणजे साडेपांच तासांचा आहे ना, हें पाहावें. चीनच्या वेळेवर राहिलेलें यंत्र आपल्यापुढें अडीच तास धांवतें. आणि तारखेचा क्रम दिवस, महिना, वर्ष असा असावा; नाहींतर ५ मार्चची चोरी ३ मेची होऊन बसते. इंटरनेट असल्यास वेळ आपोआप जुळविण्याची सोय चालू ठेवावी. त्याच बैठकींत कारखान्याचा पासवर्ड बदलावा. सन २०१६ मध्यें "मिराई" नांवाच्या दुष्ट प्रोग्रामानें असलेच कारखान्याचे पासवर्ड न बदललेले लाखों कॅमेरे व रेकॉर्डर जगभर ताब्यांत घेतले, आणि त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला त्यांच्या मार्‍यानें अमेरिकेंतील कित्येक मोठीं संकेतस्थळें तास न् तास बंद पाडलीं. त्या यंत्रांच्या मालकांस त्याचा पत्ताही नव्हता.

चोरी झालीच तर काय करावें, हें शेवटीं सांगतों. घड्याळ चुकलेलें आढळलें तरी तें त्या क्षणीं दुरुस्त करूं नये. मोबाइलची वेळ व यंत्राची वेळ शेजारीं धरून फोटो घ्यावा, दोहोंतील फरक कागदावर लिहावा, व पंचनाम्यांत तो नमूद करण्यास सांगावें. आमच्या त्या बागाईतदारांनीं घाईनें तारीख नीट केली, आणि फरक मोजण्याचें साधनच गेलें. नंतर जुन्यावर नवें लिहिलें जाऊं नये म्हणून रेकॉर्डर रीतसर बंद करावा. त्या रात्रीच्या आधींचा व नंतरचा निदान एकेक तास धरून नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि मूळ डिस्क कोणास देणें झाल्यास तिचा अनुक्रमांक लिहून पावती घ्यावी. पूर्वींच्या पुरावा कायद्याचें कलम ६५-ब आतां राहिलें नाहीं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू असून त्याच्या कलम ६३ खालीं नकलेसोबत द्यावयाचें प्रमाणपत्र दोन भागांचें आहे. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यांत त्यानें, दुसरा तज्ज्ञानें भरावयाचा. आणि दोहोंत त्या फाइलचा हॅश-अंक लिहावा लागतो. हा अंक फाइलीच्या मजकुरावरून संगणक काढतो, व फाइलींत एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. म्हणून नक्कल घेतल्यावर ती उघडून कापाकापी करूं नये, व्हॉट्सॲपवरून पाठविलेली प्रत तर देऊंच नये, कारण पाठवितांना ती बहुधा दाबून लहान केली जाते व तिचा अंक मूळ फाइलीशीं जुळत नाहीं. प्रमाणपत्राचा नमुना त्याच अधिनियमाच्या परिशिष्टांत छापलेला आहे. कॅमेऱ्याच्या खरेदीची पावती व रेकॉर्डरचा अनुक्रमांक यांच्यासह त्याची एक प्रत आखाड्यावर न ठेवतां घरच्या पेटींत, सातबाऱ्याच्या कागदांत ठेवावी.