फेरेट म्हणजे मुंगूस नव्हे! पाळायचा विचार असेल तर आधी हे समजून घ्या

लांबट अंग, आखूड पाय, टोकदार तोंड आणि मालकाच्या अंगाखांद्यावर बिनधास्त खेळणं. असा एक प्राणी मोबाईलवरच्या व्हिडिओत अनेकांनी पाहिला असेल. गावाकडं तो पाहिला की पहिला शब्द निघतो, "अरे, हे तर आपलं मुंगूस!" मग बांध साफ करताना किंवा ऊसतोडीत मुंगसाचं पिल्लू सापडलं की पोरं ते उचलून घरी आणतात, दोरी बांधतात आणि दूध-पोळी घालतात. घोटाळा इथंच होतो. व्हिडिओतला प्राणी मुंगूस नसून फेरेट आहे.

दोघांचं कूळच वेगळं

फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसानं तयार केलेला पाळीव प्राणी. सशांना बिळातून बाहेर काढायला सुमारे 2,000 वर्षांपासून त्याला पाळलं जातं. आपल्या नदीतलं पाणमांजर त्याच्या नात्यातलं. मुंगूस मात्र मांजर आणि तरस यांच्या बाजूचं. शिवाय ते पिढ्यान् पिढ्या रानातच वाढलेलं. म्हणून फेरेटला दिलेलं वळण मुंगसाला लागेल, ही अपेक्षाच चुकीची.

फेरेटला वळण कसं लावतात?

फेरेट दिवसातले 14 ते 18 तास झोपतो. उठला की काही मिनिटांतच त्याला शौचाला लागतं आणि त्यासाठी तो कोपरा शोधून पाठमोरा सरकतो. पाळणारे लोक याच सवयीचा उपयोग करून घेतात. पिंजऱ्याच्या आणि खोलीच्या कोपऱ्यात पसरट ट्रे ठेवायचा, उठल्याबरोबर त्याला ट्रेमध्ये सोडायचं आणि काम झालं की लगेच मांसाचा बारीक तुकडा द्यायचा. तरीही मांजराइतका तो भरवशाचा होत नाही. अधूनमधून चूक होतेच.

पिल्लू खेळताना चावतं. मारलं तर भीतीनं जास्तच चावतं. म्हणून चावल्याबरोबर खेळ थांबवून त्याला थोडा वेळ पिंजऱ्यात ठेवतात. चावलं की खेळ संपतो, हे त्याला हळूहळू कळतं. पाठ वाकवून आडव्या उड्या मारत तो अंगावर आला तर ते भांडण नाही, खेळायचं आमंत्रण असतं.

सांभाळणं सोपं नाही

फेरेट पक्का मांसाहारी. त्याचं आतडं आखूड, खाल्लेलं 3-4 तासांत बाहेर पडतं, त्यामुळं दिवसातून अनेकदा खायला लागतं. दूध, पोळी, फळं त्याला चालत नाहीत. रबर कुरतडायची खोड असते आणि तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनची वेळ येते.

मादीचं दुखणं वेगळंच. माजावर आल्यावर नर मिळाला नाही तर तिचा माज लवकर उतरत नाही. त्यामुळं अंगात रक्त तयार होणं कमी होतं आणि ती दगावू शकते. म्हणून पिल्लं नको असतील तर तिची नसबंदी करतात.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ऊन. पारा 30 अंशांच्या वर गेला की फेरेटला उष्माघाताचा धोका असतो. मराठवाडा, विदर्भात मे महिन्यात पारा 40 च्या पुढं जातो, आणि पत्र्याच्या घरात तर विचारायलाच नको. दुसरा धोका कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा. तो झाला तर फेरेट सहसा वाचत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींवर उपचार होतात, पण फेरेटची लस आणि त्याची माहिती असलेला डॉक्टर मिळणं अवघड.

मोकळा सुटला तर वेगळंच संकट. न्यूझीलंडनं 19 व्या शतकात ससे कमी करायला फेरेट आणले. ते रानात पसरले आणि किवीसारख्या जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर उठले. शेवटी 2002 मध्ये तिथं त्यांची विक्री आणि पैदास बंद करावी लागली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि हवाई राज्यांतही फेरेट पाळायला बंदी आहे. भारतात परदेशी प्राणी आणायला सरकारी परवाना लागतो. त्यामुळं कागदपत्रांशिवाय कुणी विकत असेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं.

मुंगसाचं काय?

मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. त्यात तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. रंगाच्या ब्रशसाठी त्याच्या केसांचा चोरटा व्यापार होतो, तोही गुन्हाच. शेतकऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर मुंगूस उंदीर, साप, किडे खातं. बांधावर राहिलं तर ते फुकटचा राखणदार आहे. दोरीला बांधलं तर मात्र ना त्याचा उपयोग, ना त्याचा जीव राहतो.

पिल्लू दिसलं तर काय करावं?

हात न लावता बाजूला व्हावं. आई बहुतेक वेळा जवळच असते. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. मुंगूस चावलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं, कारण रेबीजचा धोका फक्त कुत्र्यापासूनच असतो असं नाही.