इनामगावचा कोळसा आणि घरचा संगणक

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती इ.स.पू. 700 च्या सुमारास उठली, असे ग्रंथांत वाचायला मिळते. हा आकडा स्वतः तपासावा, या हौसेपोटी मी तीन तपांनंतर पुन्हा प्रोग्राम लिहायला बसलो.

1984 साली सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. मेमरी 32 किलोबाइट, बेसिक भाषा, प्रत्येक ओळीला क्रमांक. माझ्या आजच्या साध्या संगणकाची मेमरी त्याच्या अडीच लाख पट आहे. पायथन भाषा फुकट मिळते. क्रमांक लागत नाहीत, पण ओळीआधीची मोकळी जागा चुकली की ती अडून बसते.

गणित सोपे आहे. झाड मेले की त्यातला कार्बन-14 ठरावीक गतीने घटतो. समजा, कोळशात तो 73.7 टक्के उरला आहे. 0.737 चा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन उणे 8033 ने गुणले की 2451 वर्षे येतात. हा गुणक 5568 वर्षांच्या जुन्या अर्धायुष्यावरून येतो. सुधारित 5730 घातले, तर तोच कोळसा 2523 वर्षांचा! शिवाय ही वर्षे 1950 पासून मागे मोजायची. मी चालू सालापासून मोजली आणि पाऊणशे वर्षे चुकलो.

हवेतला कार्बन-14 सर्व काळी सारखा नव्हता. म्हणून झाडांच्या वर्तुळांवरून बांधलेला वक्र वापरतात. 2020 चा 'इंटकॅल20' कोणालाही फुकट मिळतो. (तो जुन्या अर्धायुष्याच्या हिशेबाने मांडलेला असल्याने आपणही 5568 च घ्यायचे.) त्यात 2451 घातले, तर एका सालाऐवजी इ.स.पू. 750 ते 400 अशी लांबलचक रांग छापली गेली. प्रोग्राम तीनदा तपासला. चूक नव्हती. त्या साडेतीनशे वर्षांत वक्रच जवळजवळ सपाट आहे. तेव्हाचा कुठलाही कोळसा साधारण एकच वय सांगतो.

म्हणजे एकट्या कोळशावरून 700 की 500, हे ठरत नाही. थरांची आणि खापरांची साक्ष काढावी लागते. शेवटच्या टप्प्यात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. म. के. ढवळीकरांनी या उतरंडीचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. तिची सुरुवात इ.स.पू. 1000 च्या सुमाराची; तिथे वक्र बराच बोलका आहे. शेवट मात्र सपाटीत हरवतो.

सध्या मी खालच्या थरातला कोळसा वरच्याहून जुना, एवढी एकच अट प्रोग्रामात घालतो आहे. रांग थोडी आखडते.