खिशातल्या यंत्राला कंठ कसा फुटतो?

जुना रेडिओ किंवा सभेचा ध्वनिवर्धक सुरू करताना कर्ण्यातून ‘टप्’ असा आवाज आलेला तुम्ही ऐकला असेल. मोबाइल फोन मात्र गाणे सुरू करताना सहसा असा दणका देत नाही. वास्तविक बॅटरी वाचवण्यासाठी तो आपला ध्वनिविभाग दिवसातून कितीतरी वेळा बंद-चालू करीत असतो. हे त्याला कसे जमते? याचे उत्तर थोडे विजेच्या नियमांत आहे आणि बरेचसे लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात आहे. या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. अँड्रॉइड फोनांच्या बुडाशी हाच कर्नल असतो.

प्रथम फोनमध्ये गाणे कोणत्या रूपात असते ते पाहू. ते असते आकड्यांच्या रूपात. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजली, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले आणि डाव्या-उजव्या कानांसाठी ते वेगवेगळे ठेवले, तर ४८,००० × १६ × २ म्हणजे सेकंदाला १५,३६,००० बिट होतात. या आकड्यांचे पुन्हा कमी-जास्त होणाऱ्या विद्युत्‌दाबात रूपांतर करणारी जी चिप असते तिचे नाव कोडेक. मायक्रोफोनकडून येणाऱ्या दाबाचे आकडे करण्याचे उलटे कामही तीच करते.

मुख्य प्रोसेसर आणि कोडेक यांच्यामध्ये सामान्यतः तारांचे दोन गट असतात. एका गटातून ध्वनीचे आकडे धावतात. यासाठी फिलिप्स कंपनीने १९८६ मध्ये ठरवलेली पद्धत आजही वापरात आहे. तिच्यात एक तार आकड्यांची, एक ठेका धरणारी, आणि आताचा आकडा डाव्या कानाचा की उजव्या, हे सांगणारी एक असते. दुसऱ्या गटातून हुकूम जातात: आवाज वाढव, मायक्रोफोन बंद कर, वगैरे. ठेका दोघांपैकी एकानेच धरायचा असतो. दोघेही धरू लागले तर गोंधळ होतो, आणि कोणीच धरला नाही तर शांतता!

कोणत्या चिपला कोणता हुकूम कळतो हे कर्नलला शिकवणारा कार्यक्रम म्हणजे ड्रायव्हर. गाडीवानाला जशा आपल्या बैलांच्या खोडी ठाऊक असतात, तशा ड्रायव्हरला आपल्या चिपच्या.

लिनक्ससाठी ‘अल्सा’ ही ध्वनिव्यवस्था यारोस्लाव्ह कायसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केली आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या आवृत्तीत ती मुख्य व्यवस्था झाली. तिची घडण टेबलावरच्या संगणकासाठी होती. तेथे साउंड कार्ड ही एकसंध वस्तू असते, त्यामुळे एका कार्डाला एक ड्रायव्हर पुरतो. खिशातल्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याचा कारखानदार प्रोसेसर एका कंपनीचा घेतो, कोडेक दुसऱ्या कंपनीचा आणि दोन्ही आपल्या पट्टीवर झाळतो. समजा, बाजारात १० प्रोसेसर आणि २० कोडेक आहेत. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहायचा तर २०० लिहावे लागतील! ही नुसती कल्पना नव्हे. एडिंबरोच्या वुल्फसन कंपनीच्या डब्ल्यूएम ८७३१ या एकाच कोडेकसाठी लिनक्समध्ये चार वेगवेगळे ड्रायव्हर झाले होते, कारण तो चार प्रकारच्या प्रोसेसरांना जोडला गेला होता. एकातली चूक सुधारली तरी उरलेल्या तिघांत ती तशीच राहणार.

यावर तोड काढली वुल्फसनमधील लियम गर्डवुड यांनी. शार्पच्या झॉरस या खिशातल्या संगणकांवर लिनक्स चालवण्याचे काम करणारे रिचर्ड पर्डी यांचाही तीत हातभार होता. २००७ मध्ये ही रचना कर्नलमध्ये दाखल झाली. तिचे नाव ‘अल्सा सिस्टिम ऑन चिप’, थोडक्यात ‘एसॉक’. तिने ड्रायव्हरचे तीन तुकडे केले. पहिल्याला फक्त कोडेक ठाऊक, मग तो कोणत्याही प्रोसेसरला जोडलेला असो. दुसऱ्याला फक्त प्रोसेसर आणि त्याच्या स्मृतीतून आकडे वेळेवर पुढे ढकलण्याचे तंत्र ठाऊक. आकडे उशिरा पोचले तर गाणे तुटक वाजते. तिसरा तुकडा अगदी लहान. या यंत्रात कोडेकची कोणती पिन कर्ण्याला जोडली, कोणती हेडफोनला, आणि ठेका कोण धरणार, एवढेच तो सांगतो. आता वरच्या उदाहरणात २०० ऐवजी १० + २० असे ३० ड्रायव्हर पुरतात आणि प्रत्येक यंत्रासाठी एक छोटी टिपणी.

पण मला या रचनेतला सर्वांत हुशार भाग वेगळाच वाटतो. पूर्वीचे अनेक ड्रायव्हर गाणे लागले की अख्खा कोडेक जागा करीत. हेडफोनवर गाणे ऐकताना मायक्रोफोनचा विभाग जागा ठेवणे म्हणजे बॅटरी फुकट घालवणेच. एसॉकमध्ये कोडेकच्या आतल्या प्रत्येक भागाची आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांची नोंद असते. शेताला पाटाने पाणी देताना काय करतात? ज्या पाटाच्या टोकाला भिजवायचे शेत नाही, त्याचे दार उघडत नाहीत. तसेच येथे. गाण्याच्या आकड्यांपासून हेडफोनपर्यंत अखंड वाट सापडली, तर त्या वाटेवरच्या भागांनाच वीज मिळते. हेडफोन काढला की वाट तुटते आणि कर्नल नवी वाट शोधतो. गाणे वाजवणाऱ्या कार्यक्रमाला याचा पत्ताही नसतो.

आता त्या ‘टप्’कडे वळू. समजा, कोडेक ३.३ व्होल्टवर चालतो. ध्वनिलहर तर शून्याच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे जाते. म्हणून तिचे ‘शून्य’ मधोमध, १.६५ व्होल्टवर धरतात. हा स्थिर दाब हेडफोनमध्ये जाऊ नये यासाठी अनेक यंत्रांत वाटेत एक कपॅसिटर बसवतात. वीज एकदम दिली तर तो झटकन भारित होतो, तेवढा क्षण हेडफोनच्या वेटोळ्यातून प्रवाह उसळतो, पडदा उडी मारतो आणि ‘टप्’ होते.

उपाय म्हणून मधला दाब सावकाश चढवतात. शिवाय एसॉक क्रम पाळतो: आधी आकड्यांचे दाबात रूपांतर करणारा भाग जागा करायचा, मग मिश्रक, मग प्रवर्धक आणि तोंडावरचे झाकण सर्वांत शेवटी काढायचे. झोपवताना क्रम बरोबर उलटा. आधी झाकण, मग बाकीचे. एकाच्या जागी दुसरे केले तर आतल्या भागांची सगळी धडपड कानाला ऐकू येते.

गाणे संपले तरी एसॉक लगेच वीज तोडत नाही. दुसरे गाणे लागलीच सुरू होईल, हे गृहीत धरून वेगळी सूचना नसल्यास तो पाच सेकंद थांबतो.