सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या पर्यायांचा मागोवा

सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू १९०० साली आंरी म्वासाँ आणि पॉल लबो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम तयार केला, तरी वीजक्षेत्रात त्याचे बस्तान १९५० नंतरच बसले. हवेच्या सुमारे अडीचपट विद्युतदाब सहन करणे, तसेच सर्किट ब्रेकरचे संपर्क विलग होताना पेटणारा आर्क, म्हणजे अतितप्त वायूतून वाहत राहणारा प्रवाह, झटपट विझवणे ही दोन्ही कामे त्याला साधत असल्यामुळे मैदानभर पसरणारे उपकेंद्र धातूच्या बंदिस्त कप्प्यांत बसवता आले आणि जागेची टंचाई असलेल्या शहरांची मोठी सोय झाली.

मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने या वायूचा एक किलो २३ हजारांहून अधिक किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो, आणि गळालेला वायू शतकानुशतके वातावरणात टिकतो. १९९७ च्या क्योटो कराराने त्याचा समावेश हरितगृह वायूंच्या यादीत केला. तरीही उच्च दाबासाठी पर्याय हाती नसल्याने पुढे दीर्घकाळ भर गळती रोखण्यावरच राहिला.

ही अडचण किती मूलभूत होती, हे फ्लुओरोनायट्राइलवरून कळते. चार कार्बन अणूंच्या या संयुगाची विद्युतरोधन क्षमता सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या जवळपास दुप्पट आहे. पण वातावरणीय दाबालाच ते उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूप होते, आणि उपकरणातील दाब कित्येक पट असल्याने शुद्ध स्वरूपात ते थंड प्रदेशात निरुपयोगी ठरते. म्हणून ते कार्बन डायऑक्साइडमध्ये अवघे काही टक्के मिसळतात, म्हणजे त्याचा आंशिक दाब, एकूण दाबातील त्याचा स्वतःचा वाटा, इतका कमी राहतो की कडाक्याच्या थंडीतही ते वायुरूपच असते. ऑक्सिजनची जोड दिल्यास आर्कमुळे धरणारी काजळी कमी होते. आर्कमध्ये फुटलेला सल्फर हेक्झाफ्लोराइडचा रेणू बहुतांशी पुन्हा जुळतो, तसा फ्लुओरोनायट्राइलचा जुळत नाही, ही त्याची खरी उणीव होय.

अल्स्टॉम कंपनीने असे मिश्रण २०१४ मध्ये पुढे आणले. पुढच्याच वर्षी एबीबी कंपनीने झुरिकमध्ये फ्लुओरोकीटोन या दुसऱ्या फ्लुओरिनयुक्त संयुगावर आधारलेले उपकरण बसवले. इंग्लंडमधील सेलिंज उपकेंद्रात तर ४२० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी फ्लुओरोनायट्राइलचे मिश्रण वापरले गेले. परंतु हे संयुग पुरवणाऱ्या थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये, निसर्गात न विघटणाऱ्या फ्लुओरिनयुक्त संयुगांचे उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा एका कृत्रिम रेणूची जागा दुसऱ्या कृत्रिम रेणूला देण्याच्या धोरणाची मर्यादा उघड झाली. त्या तुलनेत निर्वात कक्षात आर्क विझवून रोधनासाठी शुद्ध कोरडी हवा वापरण्याचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. त्यात उपकरणाचा आकार वाढतो, तरी गळती झाल्यास हवेत फक्त हवाच मिसळते.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने नव्या उपकरणांतून सल्फर हेक्झाफ्लोराइड वगळण्याचे टप्पे ठरवून दिले आहेत: २४ किलोव्होल्टपर्यंत २०२६, ५२ ते १४५ किलोव्होल्टच्या श्रेणीसाठी २०२८ आणि त्याहून उच्च दाबासाठी २०३२.