वेताळ, ड्रॅक्युला आणि होऊन गेलेली माणसं

भयकथांवर बोलायचं म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: हे पात्र खरंच होऊन गेलं का? आज आम्ही या प्रश्नासाठी दोन पात्रं घेतली आहेत. एक परदेशातलं, ड्रॅक्युला. दुसरं आपल्या घरचं, वेताळ. कोल्हापूरकरांना त्याची ओळख करून द्यायला नको. शिवाजी पेठेत त्याच्या नावाची वेताळमाळ तालीमच आहे.

आधी ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकर यांची ही कादंबरी १८९७ साली आली. आज कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: ड्रॅक्युला म्हणजे तिसरा व्लाद, आजच्या रुमानियातल्या वालाकियाचा पंधराव्या शतकातला राजा, शत्रूंना सुळावर चढवणारा. पण स्टोकर यांची हस्तलिखित टिपणं आज उपलब्ध आहेत आणि ती वेगळंच सांगतात. या सरदाराचं पहिलं नाव होतं ‘काउंट वॅम्पिर’. १८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिटबी गावी गेले. तिथे विल्यम विल्किन्सन यांचं वालाकियाविषयीचं १८२० सालचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. त्यातून त्यांनी ‘ड्रॅक्युला’ हे नाव घेतलं, आणि तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ सैतान होतो ही तळटीपही उतरवून घेतली. सुळांविषयी टिपणांत काही नाही. व्लाद म्हणजेच ड्रॅक्युला हे समीकरण घरोघरी पोचलं ते मुख्यतः १९७२ नंतर, मॅकनॅली आणि फ्लोरेस्कू या दोन अभ्यासकांच्या पुस्तकामुळे. म्हणजे राजाकडून नाव आलं. बाकीचा ड्रॅक्युला दुसरीकडून जमवलेला आहे.

मग चेहरा कुणाचा? इथे गोष्ट आपल्याकडे वळते. रिचर्ड बर्टन हा इंग्रज तरुणपणी मुंबई इलाख्याच्या लष्करात होता, गोव्यातही राहून गेला होता. १८७० मध्ये त्यानं वेताळाच्या पंचवीस कथांपैकी अकरा कथा इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाचं नाव ठेवलं ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. स्टोकर बर्टनला भेटले होते. १९०६ साली लिहिलेल्या आठवणींत त्यांनी बर्टनचं वर्णन केलंय: बोलताना वरचा ओठ उचलला जायचा आणि सुळ्याचा दात पूर्ण दिसायचा. ड्रॅक्युलाच्या चेहऱ्यात बर्टन आहे, असं काही अभ्यासक यावरून म्हणतात. तर्क आकर्षक आहे, पण तो तर्कच आहे. हे लक्षात ठेवू या.

आता वेताळाकडे येऊ. बर्टननं त्याला ‘व्हॅम्पायर’ केलं, पण मूळ कथेत तो कुणाचं रक्त पीत बसत नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं रचलेल्या कथासरित्सागरात ही कथामाला सापडते. तिथे राजाचं नाव आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण! पुढे लोकांच्या तोंडी राजा उज्जैनचा विक्रमादित्य झाला. विक्रमादित्य ही तर पदवी, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्तानंही ती लावली होती. तेव्हा या गोष्टीतला विक्रम नेमका कोण, असं विचारलं तर एका माणसावर बोट ठेवता येत नाही.

आणि कथेत घातकी कोण आहे? झाडावरच्या प्रेतात शिरलेला वेताळ नव्हे. रोज फळात रत्न लपवून राजाला देणारा भिक्षू राजाचाच बळी द्यायला निघालेला असतो. त्याचा डाव राजाला सांगून त्याला वाचवतो तो वेताळ.

कोकणातल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. आंबोली घाट उतरून वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला गेलात तर तिथे वेतोबा आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यात आमोणे, प्रियोळ, लोलये इथे बेताळ आहे. भुतांचा राजा, पण आपल्या बाजूचा. हा राखणदार इंग्रजीत जाताना रक्तपिपासू झाला, आणि आता आपली मुलं तीच ओळख घेऊन परत येतात.

म्हणून ‘हे पात्र खऱ्या माणसावर बेतलंय’ असं कुणी सांगितलं की आम्ही तीन प्रश्न सुचवतो. लेखकाला ती व्यक्ती माहीत होती याचा पुरावा आहे का? घेतलंय काय, नुसतं नाव की चरित्र? आणि हा संबंध पहिल्यांदा कुणी, कधी जोडला?

एवढं खोलात का जायचं, गोष्टच तर आहे, असं तुम्ही म्हणाल. हंगेरीतल्या एलिझाबेथ बाथरीचं बघा. नोकर मुलींच्या हत्यांचे आरोप तिच्यावर झाले, साक्षी झाल्या, आणि १६१४ साली ती कैदेत वारली. पण ती रक्तानं स्नान करायची ही कथा त्या साक्षींत नाही. ती छापून आली १७२९ मध्ये, शंभराहून अधिक वर्षांनी. आज लोकांना आठवतं ते रक्ताचं स्नानच. आरोप कोणते, त्यातले किती खरे, हे कुणी विचारतच नाही.

आपल्याकडे तर हे पुस्तकातही थांबत नाही. एखाद्या बाईवर चेटकीण म्हणून शिक्का बसतो, एखाद्या घरावर करणीचा आळ येतो, आणि जिवंत माणसाचं जगणं मुश्कील होतं. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा असा आळ घेणं हा गुन्हा मानतो. भुताची गोष्ट सांगायला आणि वाचायला या कायद्याची मनाई नाही, आणि आम्हीही ती आवडीनं वाचतो. पात्रात माणूस शोधायलाही हरकत नाही. मात्र माणसाचं पात्र करायची वेळ आली की तिथे थांबायचं आणि पुरावा मागायचा.

वेताळानं राजाला दर फेरीत एकच काम लावलं होतं: गोष्ट ऐक आणि न्याय सांग. पहिली अट ऐकण्याची होती. आता तुमचे प्रश्न घेऊ.